मीडियम वेव्ह, पाण्यावरून

सुपडूमामाचं दुकान नंदुरबारात, मिरचीच्या पथारीमागं.
दिवसातून शंभरदा शिंकायचा,
पण हातातली डाखणी कधी हलली नाही.
पोलिसांच्या भंगारातला वायरलेस त्यानं वजनावर घेतला,
साडेनऊ किलो, पत्र्याच्या भावात,
आणि महिनाभरात बोलता केला.

जमिनीवरून बोलणं गुन्हा, वकील म्हणाला.
"आन् पान्यावरथून?"
वकील हसला.
मामानं त्या हसण्यालाच परवानगी समजून घेतलं.

उकाईच्या फुगवट्यात एक रेघ आहे,
नकाशावर दिसते, पाण्यावर नाही.
इकडे आपण, तिकडे गुजरात.
त्या रेघेवर रतन वळवीनं होडी उभी केली.
नांगर म्हणून जात्याची तळी, दोराला बांधलेली,
सागाच्या काठीला तांब्याची तार,
ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या, त्यातली एक उसनी.
त्या सायकलवरून आणायचं काम माझं;
ॲसिडनं माझ्या सगळ्या चड्ड्यांची चाळण झाली होती.

बोलायची मोगीबाई गावित.
चौथी पास, पण कुठं थांबायचं ते तिला कळायचं.
आधी मावचीत, मग अहिराणीत:
"ऐकी राह्यनात का?"
ओली मिरची कालच्यापेक्षा आठ आण्यांनी खाली.
दवाखान्याची लाँच उद्या येणार नाही.
एका शिंगाचा बैल पोहत पलीकडे गेलाय,
सापडेल त्यानं बांधून ठेवा, मारू नका, तो भित्रा आहे.
फुलसिंग सुरतेला पोचला. आईनं आता जेवावं.

आणि रोज शेवटी
होडीखालच्या गावातली घरं, ओळीनं,
चिंचेपासून विहिरीपर्यंत, मालकाच्या नावानिशी.
एका घरापाशी ती गप्प व्हायची.
तेवढा वेळ काठाकाठाच्या सगळ्या रेडिओंत
नुसती खरखर.
कुणी कान पिळून स्टेशन बदललं नाही.

मुंबईहून जीप आली, टपावर गोल फिरणारी तार.
तार बरोबर आमच्याकडे वळून थांबली,
जीपही थांबली, पुढची चाकं पाण्यात.
नवापूरचे फौजदार म्हणाले, हद्द तिकडची.
तिकडचे म्हणाले, भाषा तर तुमची.
रतन बांबूनं होडी कधी चार हात अलीकडे लोटायचा,
कधी चार हात पलीकडे,
ज्या काठावर टोपी दिसेल त्याच्या उलट.

मग सत्त्याऐंशी साल.
पाणी रोज दहा पावलं मागं जाऊ लागलं,
उधारी चुकवणाऱ्या माणसासारखं, पाठ न दाखवता.
चिंचेचं काळं खोड वर आलं.
विहिरीची कड.
एका पहाटे रतननं बांबू रेटला
आणि होडी हललीच नाही.

मोगीबाई उतरली. पोटरीभर गाळ.
काही न बोलता पावलं मोजत गेली,
एका जागी उभी राहिली, परत आली,
आणि बाजारभाव वाचले.

इन्स्पेक्टर बूट हातात घेऊन चालत आला.
भला माणूस; आधी प्यायला पाणी मागितलं.
मग काठी, तार, सेट, बॅटऱ्या नग दोन.
उसनी कुठली ते मी सांगितलं नाही.
'स्थळ' लिहायच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं.
तलाठी म्हणाला, इथं गाव नाही साहेब,
बहात्तरलाच दप्तरातून कमी झालं.
"मग मी उभा कशावर आहे?"
तलाठी गाळाकडे बघत राहिला.
मोगीबाईनं नाव सांगितलं. त्यानं परत विचारलं.
तिनं परत सांगितलं, माइकवर सांगायची तसं, सावकाश.
त्यानं लिहिलं: मौजे उंबरखोरे.
'खोरी' हवं होतं. कुणी दुरुस्त केलं नाही.
खाली शिक्का, दोन पंचांचे अंगठे.

दंड चारशे रुपये.
मामानं भरला, शिंकला,
आणि पंचनाम्याची नक्कल मागून घेतली.

पुढच्या भादव्यात पाणी परत चढलं, चिंचेवरून गेलं.
मामाचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं आहे.
नक्कल मोगीबाईच्या पत्र्याच्या पेटीत,
रेशनकार्डाच्या वर.