हात मोजणारा

नोटीस मीच चिकटवली होती,
मारुतीच्या पारावर, दूध डेअरीच्या दाराला,
शाळेच्या भिंतीवर खिरीच्या जुन्या डागाशेजारी.
विषय क्रमांक चार : घरपट्टीत वाढ.
चौरस फुटाला साठ पैसे,
उपकेंद्रावर रात्रपाळीची नर्स
आणि ठाकरवाडीच्या रस्त्याला सतरा दिवे, यासाठी.

पहिल्या सभेला कोरम भरला नाही.
तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून की काय
एकशे बारा माणसं आली,
मला न धरता. एक शेळीही आली होती.

रंगनाथ फडोळ म्हणाले,
"गंगापूर धरण आमच्या उशाशी,
नाशिकला चोवीस तास, आम्हाला एक दिवसाआड.
आधी नळ सोडा, मग हात पसरा."
टाळ्या पडल्या.
दौलत गायकर म्हणाला, "रिसॉर्टवाल्याकडून घ्या ना,
पोहायच्या तलावाला पट्टी किती लावली?"
शेवाळे मॅडमनी वही उघडून सांगितलं,
"बावीस हजार. तीन वर्षं थकीत."
त्यावर जे हसू झालं
त्याचा ठराव मांडला असता तर एकमताने मंजूर.

मग चांगुणा बेंडकोळी उभी राहिली.
ती सभेत बोलत नाही. सतरंजीच्या कडेला बसते,
चप्पल हातात धरून.
"माझा नातू गंगापूर नाक्यावर झाला," म्हणाली,
"जीपमध्ये. सिग्नल लाल होता.
जीपवाल्यानं अठराशे घेतले, वर सीट धुवायचे दोनशे.
तुमचे साठ पैसे मला परवडतात."
आणि बसली.
टाळ्या नाही पडल्या. कुणीतरी खाकरलं.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा."
मी उठलो. बारा वर्षं हेच करतोय,
हात मला माणसांच्या आधी ओळखू येतात.
हा मोरचुदानं निळा पडलेला, द्राक्षबागेचा.
हा शेजाऱ्याचा बघून वर जाणारा.
हा कोपरात वाकलेला,
डोकं खाजवतोय की मत देतोय?
अर्ध्या हाताचं काय करायचं
ते कुठल्याच परिपत्रकात नाही.
मी तो पूर्ण धरतो. नेहमीच धरतो,
कोणत्याही बाजूचा असो.

बाजूने अठ्ठावन्न. विरोधात एकेचाळीस.
तेरा जण मोबाइलमध्ये.
माझा हात खाली होता, त्यात पेन होतं.
मोजणाऱ्याचा हात कोण मोजतो.

रात्री कार्यालयात नवी आकारणी भरायला बसलो.
नमुना आठ, पान एकोणचाळीस,
गांगुर्डे निवृत्ती सोमा, म्हणजे मी.
घराचा प्रकार : कौलारू, माती-विटांचे.
क्षेत्र : तीनशे दहा.
अक्षर माझंच.
स्लॅब पडून तीन दिवाळ्या झाल्या.
पुढे पडवी, मागे न्हाणी, जिना लोखंडी,
येणाराजाणारा म्हणतो, निवृत्ती, झकास बांधलंस.
सगळ्या गावाची घरं मी मोजली,
टेपचं एक टोक धरून.
माझ्या दारात टेप कधी उघडली नाही.
आणि कुणी विचारलंही नाही, हे जास्त लागलं.
म्हणजे त्यांनी ते धरूनच ठेवलं होतं,
पगारातल्या भत्त्यासारखं.

सकाळी बायकोला म्हटलं, जरा बाहेर ये.
पिठाचे हात तिनं पदराला पुसले.
"न्हाणी पण धरायची?"
"न्हाणी पण."
"आणि जिना?"
जिन्याचं मला खरंच माहीत नव्हतं.
"शेवाळे मॅडमना विचारतो," म्हणालो.

सहाशे चाळीस भरले.
साठ पैशांनी तीनशे चौऱ्याऐंशी,
शिवाय कौलाचा दर जाऊन स्लॅबचा लागणार तो वेगळाच.
पण हे नंतरचं.
आधी ती भिंतीपाशी बसली होती,
टेपचं टोक बोटाखाली दाबून,
आणि मी अंगणाच्या या कडेला.
"शून्य भिंतीला टेकव," मी म्हटलं,
"वीतभर अलीकडे धरलं की घर लहान होतं."
"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"गावात सगळ्यांना ठाऊक आहे."