डाव्या हाताची शाई

मे महिन्यात शाळेच्या फाटकात
टेबल मांडून बसलो होतो मी.
शिक्का, पॅड, शाईची बाटली.
बाटली तहसीलमधनं आलेली,
लेबलवर अजून निवडणुकीचा छाप.
कोतवाल म्हटलं की दवंडीही त्याची, शिक्काही त्याचा.

सेलमहून आली, मदुराईहून आली
सराफगल्लीची राख धुऊन सोनं गाळणारी
आमचीच पोरं.
वेशीवर गावानं बाभळी आडव्या टाकलेल्या.
मी ओढून बाजूला करायचो,
गाडी आत घ्यायचो,
परत आडव्या टाकायचो.
एक काटा तळहातात मोडला, तो अजून आहे.

सर्जेराव देवकरनं हात पुढं केला.
तेजाबानं कातडी अशी पांढरी, सोललेली
की शिक्का धरेना.
"दाब की जोरात," हसत म्हणाला,
"दहा वर्षं तेजाबात हात घातलाय, तुझी शाई काय करती."
मागं कांचनवैनी. तिच्या हातावर मात्र लख्ख उमटला.
दोघांना चौदा दिवसांची तारीख घातली,
जागा दिली चौथीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली.

नवव्या दिवशी आशाताई रुक्साना मुजावर
ऑक्सिमीटर झटकून परत परत लावत होती.
एक्क्याऐंशी.
अकराव्या दिवशी मिरजेहून फोन.
शिक्क्यावरची तारीख
अजून तीन दिवस पुढं होती.

मग सरपंचाची मुदत संपली.
प्रशासक आला, सह्या करून गेला.
बेड मिळेना तेव्हा दोन्ही गटांचे फोन बंद होते,
डिसेंबरात निवडणूक लागली तसे
दोघंही माझ्याच दारात:
"क्वारंटाईनच्या वहीत नंबर असतील की सगळ्यांचे?"

दिले.
काय करणार होतो.

जानेवारीत सेलमहून लक्झरी आली, पॅनेलच्या खर्चानं.
वेशीवर हलगी, गुलालाची पोती तयार.
बाभळी कधीच कुणाच्या तरी चुलीत गेलेल्या.

मतदान त्याच शाळेत, त्याच चौथीच्या वर्गात.
साहेबांनी दोनदा बजावलं:
सॅनिटायझर आधी, शाई नंतर,
उलटं केलं तर पुसतं.
गुरुजी चहाला उठले म्हणून मार्कर माझ्याकडं.

यादीत दोनशे बारा, देवकर सर्जेराव ज्ञानू.
फोटोत मिशा कोवळ्या.
"मयत," एक एजंट म्हणाला.
"मयत," दुसरा म्हणाला.
दिवसभरात दोघांचं जमलं ते एवढ्यावरच.

दोनशे तेरा.
कांचनवैनीनं डावा हात पुढं केला,
पालथा,
बोटं मिटलेली.

"वैनी, बोट," मी म्हणालो.
मास्कमधनं तिला ऐकू गेलं की नाही
कोण जाणे.
हात तसाच.
"कितीपर्यंतची तारीख?" तिनं विचारलं.

मागनं कुणीतरी ओरडलं,
पुढं सरका.