जवसाच्या चिंध्या

‘चिंध्या तारेवर टांग पोरी, ढीग नोको करू.’
भिवापूरच्या तेलघाणीवर पहिल्याच दिवशी
देवतळेकाकांनी सांगितलं.
‘काऊन?’
‘पेटते.’
मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. हसले.
काडी नाही, विडी नाही,
जवसाचं तेल पुसलेली चिंधी कशी पेटेल?

रविवारी घाणी बंद.
पेंडीच्या पोत्यामागे मी विसरलेला बोळा
एकटाच तापत गेला.

आता वहीत लिहिते:
तेलाच्या एका रेणूचा हायड्रोजन सुटतो.
उघड्या जागी प्राणवायू येऊन बसतो
आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो.
मग शेजारी उघडा. मग त्याचा शेजारी.
जो तो आपली उणीव भागवतो
आणि पुढच्याला तीच देऊन जातो,
दर वेळी चिमूटभर ऊब.
दोन उणे समोरासमोर आले
तर जोडी जमते, तेवढी साखळी तुटते.

युरेनियमचं निराळं.
तिथे एक न्यूट्रॉन आत शिरतो, दोन-तीन बाहेर पडतात,
उणीव नाही, वाढतच जाणारी उधळण.
तरी सरांनी फळ्यावर गोळा काढला
तेव्हा मला काकांचाच आवाज आला:
केवढा ढीग आहे,
आणि आतल्याला बाहेर निसटायला
वाट ठेवली का?

तारेवरची चिंधी आपली ऊब वाऱ्याला देते
आणि नुसतीच कडक होते, पापडासारखी.

काळी पडलेली भिंत काकांनी चुन्यानं पोतली.
मला एक शब्द बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर
तार हातभर खाली आली होती,
माझ्या उंचीला.