शेरा

सकाळचे पावणेसात. तळघरात पंपांची घरघर.
काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेऊन
मी ते बल्बसमोर धरते, एक गोळी टाकते.
पाणी गुलाबी होतं.
किती गुलाबी, ते तक्त्याशी ताडून पाहायचं:
थंडीतल्या गालांइतकं चालतं,
वाईनइतकं नाही.

मग वही.
क्लोरीन एक पूर्णांक एक. सामू सात पूर्णांक दोन.
पाणी अठ्ठावीस अंश.
तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसते.
जाळीचे स्क्रू आठ. आठही जागेवर.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे बहुतेक रोज एक आडवी रेघ.

सत्तावीस वर्षं मारते आहे या रेघा.
जोडत गेलं तर
तलावाच्या आठ-दहा फेऱ्या होतील.
मला स्वतःला पोहायला फारसं आवडत नाही.

लोक म्हणतात, गिलेन, आज क्लोरीनचा वास फार येतोय.
मी म्हणते, अहो, हा वास तुमचा आहे.
न धुतलेल्या काखा, मानेवरचं अत्तर,
आणि पोरं काठाला धरून, साळसूद चेहऱ्याने
जे करतात ते.
क्लोरीन त्या सगळ्याला कवटाळतं
आणि दोघं मिळून डोळ्यांना झोंबतात.
म्हणून आधी साबण. म्हणून टोपी.
म्हणून गुडघ्यापर्यंतची बर्म्युडा नाही,
मग तुम्ही महापौरांचे मेहुणे का असेनात.
(होते. गेल्या जूनमध्ये.
यंत्रातून दहा युरोंची चड्डी घेतली त्यांनी,
लाल, एक माप लहान,
आणि तासभर पाण्याबाहेर आले नाहीत.)

फेब्रुवारीतला मंगळवार होता.
बाहेर कोळशाच्या ढिगाऱ्यांवर बर्फ,
खाणी बंद झाल्यापासून त्यांना सगळे टेकड्याच म्हणतात.
फिरत्या दाराचा आकडा:
आत एकशे त्रेचाळीस. बाहेर एकशे बेचाळीस.
बाप्तिस्त म्हणाला, दार अडखळतं गं थंडीत, चल घरी.
पण आकडे जुळल्याशिवाय
दिवे मालवायचे नाहीत.

मी काठाने निघाले.
थांबलेलं पाणी मला बघवत नाही.
तळाला काळी पट्टी असते, ती सरळ आहे ना
एवढंच बघायचं असतं.
सरळ.
सरळ.
खोल बाजूच्या कोपऱ्यात जरा वाकडी,
खाली बसले, पुन्हा पाहिलं,
सरळ.

मग शॉवर. मग बायकांच्या खोल्या. मग पुरुषांच्या.
एकोणिसाव्या दाराखाली दोन पाय दिसले,
एकात मोजा, एक उघडा.
म्हातारा रातायचाक. दुसरा मोजा हातात घेऊन
भिंतीला टेकलेला,
छातीत तीच शिट्टी
जी या गावात आम्ही लहानपणापासून ओळखतो.
माझ्या बाबांचीही याच सुरात वाजायची.

डोळे उघडून म्हणाला, वाकायला गेलो,
दम संपला. म्हटलं, जरा बसतो.
आत ऊब आहे.
मी म्हटलं, एक माणूस कमी भरत होतं.
त्यावर तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
"बिल्ला राहिला वाटतं माझा
खिळ्यावर लावायचा."

पितळी बिल्ले असायचे खाणीत, प्रत्येकाच्या नंबराचे.
पाळी संपली की फळीवर परत.
एक खिळा रिकामा दिसला
तर दिवेघरातला माणूस टोपी काढून ठेवायचा
आणि आमच्या आया
चुलीवरचं भांडं न उतरवता दारात यायच्या.

मी गुडघ्यावर बसून त्याला मोजा चढवला.
टाच नेहमीसारखी वाकडी आली, पुन्हा चढवला.
बाप्तिस्तने गाडी दाराशी आणली.
फिरतं दार खट्कन वाजलं. एकशे त्रेचाळीस.

परत येऊन वही उघडली.
बंद करण्याची वेळ: पंचेचाळीस मिनिटं उशीर.
कारण विचारतील. अरासहून तपासणीस बाई येतात,
शीतपेटीत बाटल्या भरतात,
वहीचं पान न् पान उलटतात.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं,
तिथे शाईचा एक ठिपका उमटला.
त्याच ठिपक्यातून मी रेघ ओढली.

मग दिवे. आधी उथळ बाजूचे, मग खोल बाजूचे.
पंप चालूच ठेवायचे असतात.