फिनमार्कची वही

विजेत्यांची नावं माझ्या अक्षरात आहेत,
एवढाच माझा अधिकार.

जानेवारी, वाडसो. सूर्य अजून रजेवर.
व्यायामशाळेत अकरा पट, बावीस माणसं, एक कॉफीची किटली.
तोरलेइफ मिक्कोला पहिला. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त,
डाव्या हाताची दोन बोटं कारखान्यातच राहिली.
उरलेल्या तिनांनी तो प्यादं असं सारतो
जणू झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण.
बक्षीस : गोठवलेला कॉड, साडेचार किलो.

मार्चमध्ये आल्टा. बर्फाच्या स्कूटरवरून रिस्तेन आली,
वय बारा, पापण्यांवर हिम.
इतकी गप्प, की वाटलं बापाचे रेनडिअर
मनातल्या मनात मोजत बसलीय.
पाचव्या फेरीत तिनं तोरलेइफचा वजीर मारला
आणि "माफ करा" म्हणाली.
तो हसला नाही. टोपी काढली फक्त.

जून, हामरफेस्ट. रात्रच नाही,
म्हणून डाव संपवायला कारणही नाही.
पहाटे तीनला, लख्ख उन्हात, दोन कोळी
जवळजवळ रिकाम्या पटावर हत्ती फिरवत होते.
बरोबरी घ्या म्हटलं, तर म्हणाले,
उजेड आहे ना अजून?
कोण जिंकलं ते वहीत गिचमिड आहे. माझी झोप.

सप्टेंबरात वारा. बोट लागलीच नाही.
तिघेच हजर. पोस्टमन हाल्वार्ड पहिला आला
आणि करंडक पत्रांच्या पिशवीत घालून
घरोघर दाखवत गेला.

नोव्हेंबर, शिर्केनेस. शेवटची फेरी :
तोरलेइफ आणि रिस्तेन.
एकविसाव्या चालीला वीज गेली.
नियमांत अंधाराविषयी काही नाही.
मी घड्याळ थांबवलं.
कुणी मेणबत्ती शोधायला उठलं,
तेवढ्यात त्याचा आवाज : "घोडा एफ-पाच."
तिचा : "मारला."
मग बराच वेळ नुसता वारा.
"उंट मागे."
"शह."
आम्ही सगळे खुर्च्यांवर श्वास आवरून,
जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे.

वीज आली तेव्हा पटावर
एकविसावी चालच उभी होती, हात न लागलेली.
तोरलेइफचा राजा किल्ल्यात, सुखरूप, चहूबाजूंनी प्यादी.
तीन बोटांनी त्यानं तो अलगद आडवा ठेवला.
उशिरा आलेल्या एकानं विचारलंसुद्धा,
अरे, हा का हरला?

लिहिलं : रिस्तेन, एक. तोरलेइफ, शून्य.
चालींचा रकाना मात्र अजून कोराच आहे.
एकवीस लिहू, की बेचाळीस?