किती काळापासून ओळखता

फॉर्ममध्ये तीन चौकटी आहेत.
प्रत्येकीखाली तोच प्रश्न:
अर्जदाराला किती काळापासून ओळखता, आणि कशामुळे?

पहिली चौकट बाबांनी मनात केव्हाच भरून टाकली.
खानविलकर सर, माजी प्राचार्य, रावपुऱ्यातले,
लेटरहेडवर सोनेरी सिंह.
पेढे घेऊन गेले. त्यांनी माझं नाव दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा लिहून घेतलं, तेही चुकीचं,
आणि म्हणाले, मजकूर तूच आण, सही करून टाकू.
रात्री बसून मी स्वतःला 'करुणामय' लिहिलं.
खोडलं.
'होतकरू' लिहिलं.
तेही माझ्याकडे बघून हसायला लागलं.

दुसऱ्या पारुलबेन. अलकापुरीतला थंडगार दवाखाना.
दोन उन्हाळे तिथे पिंजरे पुसले,
लॅब्राडॉरांच्या कानांतल्या गोचिड्या वेचल्या.
त्या लिहितील, वेळेवर येते.
खरंच आहे. मी वेळेवर जायचे.

तिसरी चौकट अजून रिकामी.

पांजरपोळात डॉक्टर वाळंद आहेत.
त्यांच्याकडे लेटरहेड नाही, औषधाच्या कंपनीचं पॅड आहे.
आणि त्यांनी मला पाहिलं आहे.
म्हणजे ती वीटभट्टीवरून आलेली गाढवीण,
तिचा पुढचा उजवा पाय,
आणि त्यावर मी बांधलेली पट्टी:
घट्ट, देखणी, पुस्तकातल्या आकृतीसारखी.
तिसऱ्या दिवशी खूर गार लागला.
वाळंदांनी कात्री माझ्याच हातात दिली.
मी कापत गेले, वास येत गेला,
ते बॅटरी धरून उभे, एक शब्द नाही.
शेवटी एवढंच, "हवे रोज आवजे."
सत्तेचाळीस दिवस गेले मी. रविवार धरून.

काल त्यांना पत्राचं विचारलं.
ते सुया उकळत होते.
म्हणाले, लिहीन, पण जे पाहिलं तेच.
सगळं?
पट्टीपासून सुरू करीन, म्हणाले.

बाबा जेवता जेवता थांबले.
अख्ख्या बडोद्यात तुला दुसरा माणूस मिळेना?
आई म्हणाली, गाढवाचं तरी वगळायला सांग.

आज सकाळी त्यांचा ईमेल चौकटीत भरला
आणि तशीच पांजरपोळात गेले.
गाढवीण चाऱ्याशी उभी होती.
जखमेच्या जागी केस उगवलेत ते पांढरे,
पायाभोवती एक रेघ, बांगडीएवढी.
मला बघून तिने कान मागे पाडले,
नेहमीसारखे.
पाय मात्र उचलू दिला.