चार अंशांवर

टार्टूत डिसेंबरचा सूर्य
साडेतीनला निघून जातो.
कुणाला विचारत नाही.
राइनने त्याला कधी मेल पाठवलेला नाही
रात्री अकरा चाळीसला,
विषयाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह.

मला पाठवतो. चार वर्षं झाली.
यीस्टला रविवार कळत नाही, म्हणतो,
आणि हसतो, म्हणजे मिशी थोडी हलते.
मीही हसायचे.
ईस्टरला हसले. मिडसमरच्या रात्री हसले,
गावाकडे सगळे जाळ पेटवून उभे होते
आणि मी दर दोन तासांनी
फ्लास्कमधला गढूळपणा मोजत होते.

वाक्य आधी हिल्यासमोर म्हणून पाहिलं.
हिल्या काचसामान धुते, एकतीस वर्षं.
पावणेपाचला रबरी हातमोजे उलटे करून
नळावर टांगते आणि घरी जाते.
तिला कुणी कधी अडवलं नाही.
"मी सांगितलंच नाही कुणाला," म्हणाली,
"नुसती गेले."
पण माझ्या हातात हातमोजे नव्हते,
प्रबंध होता.
अर्धा.

तर वाक्य:
संध्याकाळी सहानंतर मी फोन घेणार नाही.
पहिल्या मसुद्यात त्याला चार 'माफ करा' होते,
दोन 'जमलं तर', आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
जे खरं होतं
पण कारण नव्हतं.
एकेक वेचून काढलं, माशातले काटे काढावेत तसं.
उरलं ते इतकं लहान
की बोलून झाल्यावरही मी
पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिले.

राइन खिडकीतून नदीकडे बघत होता.
नदी गोठलेली; बघण्यासारखं काही नव्हतं.
"आणि पेशींचं काय?"
"चार अंशांवर ठेवीन. फ्रिजमध्ये.
मरत नाहीत. थांबतात.
तुम्हीच शिकवलंत, पहिल्या वर्षी."
(मनात तो, तोंडावर तुम्ही.
तेवढं अंतर आधीपासूनच होतं,
मोजलं नव्हतं.)

पहिल्या रात्री फोन
पायमोज्यांच्या खणात ठेवला.
आवाज बंद, तरी लाकडातून घरघरला. सात वेळा.
मी राईच्या पावाला लोणी लावत होते.
एका कापाला लावायचं होतं.
सबंध पावाला लावून बसले.

मग तीन आठवडे त्याचं 'सुप्रभात'
माझ्या डोक्यावरून जाऊन
मागच्या सेंट्रीफ्यूजला मिळायचं.
शोधनिबंधावरचं माझं नाव एक जागा खाली सरकलं,
ओएवच्या नावाखाली.
ओएव चांगला मुलगा आहे.
त्याचा फोन चालू असतो.
हे सांगून ठेवलेलं बरं,
नाहीतर वाटायचं, जिंकले.

आज सहा वाजून पाच मिनिटं.
बसथांब्यावर उणे अकरा.
वर तिसऱ्या मजल्यावर उजेड आहे
आणि राइन, एकोणसाठ वर्षांचा,
स्वतःच्या हाताने प्लेट पसरतोय.
इथूनही दिसतं, कोपर किती वर धरलंय.
असं धरलं की काळी बुरशी येते,
परवापर्यंत सगळं फेकावं लागतं.
तीन जिने फक्त.
कोपराला हात लावून खाली करायचं, एवढंच.

आज त्याने बोलावलेलं नाही.
माझाच पाय निघत नाही.

बस येते. दार उघडतं.
ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून थांबतो,
चढणार की नाही, विचारत नाही.
मी दातांनी हातमोजा ओढून काढते
आणि कार्ड टेकवते.